मी स्वयंपाकघरात आहे

एक धोका सापडला होता, तो बाजूला काढला आहे, तुम्ही आता सुरक्षित आहात, असं कॉम्प्युटरने छिंग-शुईला सांगितलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. शटरखालून रस्त्यावरच्या स्कूटरची चाकं तेवढी दिसत होती. तो मजकूर पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत आला, थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. छिंग-शुईने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढेपर्यंत तिथे काही राहिलं नव्हतं. त्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. त्याच्यासमोर रोजच्यासारखं एक पान उघडं होतं. तुम्ही आमचे दहा लाखावे पाहुणे आहात, बक्षीस घेण्यासाठी ओळखपत्राचा क्रमांक लिहा, असं म्हणणारं, लाल-पिवळं, फटाके उडवणारं पान. क्रमांकाचं पहिलं अक्षर लिहून तो हात मांडीवर ठेवून बसला होता. वाट पाहत होता. एरवी तीन-चार श्वास घेईतो चौकट यायची. आज आली नाही. त्याने एक आकडा लिहिला. मग आणखी एक. फटाके उडतच राहिले. मग त्याला कोपऱ्यातला तो मजकूर पुन्हा आठवला, आणि बाजूला काढलेला धोका कोणता ते कळलं. त्याची बायको सू-छिन जाऊन चौदा महिने झाले होते. ती गेली त्या दिवशी डॉक्टर बोलत असताना त्याचं सगळं लक्ष त्यांच्या खिशातल्या पेनाच्या तुटक्या क्लिपकडे होतं, आणि पुढे कितीतरी दिवस तिच्या जाण्याचा विषय निघाला की त्याला ती क्लिप दिसायची. आज त्याने कॉम्प्युटरच्या डोक्यावरच्या हिरव्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी होती तशीच होती. आत स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. ती पुन्हा गेली, असं त्याच्या मनात आलं, एखाद्याला निरोप सांगावा इतक्या साध्या शब्दांत.

पहिला संशय त्याला त्या पिशवीचाच आला. च्याई शहरात जिथे यंत्र आहे तिथे ही नारळाच्या कुरकुऱ्यांची हिरवी पिशवी असते. बँकेत असते, इस्पितळात असते, रेल्वेच्या तिकीटखिडकीच्या मागे असते. पिवळी ठेवली तर यंत्र अडतं, लाल ठेवली तर तापतं, हिरवी ठेवली की शहाण्यासारखं चालतं. ती फोडायची नाही, खायची नाही, आणि तारीख उलटायच्या आत बदलायची. छिंग-शुईच्या दुकानात हे काम सू-छिनचं. नवी पिशवी ठेवताना ती तिच्यावर काळ्या जाड पेनाने चार शब्द लिहायची. ही शेवटची. इस्पितळात जायच्या आधी ठेवलेली. 'नीट वाग. म्हाताऱ्याला छळू नकोस.' तिची तारीख गेल्या जूनमध्ये उलटली. जूनमध्येच त्याने नवी पिशवी आणली होती. ती खणात पडली होती, कोरी. जुनी काढली तर ते अक्षर कुठे ठेवायचं हे त्याला ठरवता आलं नाही, आणि न ठरवताच नऊ महिने गेले. आता यंत्राने मनाला येईल तसं केलं. चूक आपली, असं म्हणून त्याने शटर पूर्ण वर केलं आणि शेजारच्या आ-ग्वेईकडे गेला. आ-ग्वेईचं टर्की-भाताचं दुकान. ती सकाळी पितळी डेगीतली टर्की सोलत बसलेली असायची. त्याने तिला एवढंच सांगितलं की कॉम्प्युटरमधली एक वस्तू नाहीशी झाली. ती येऊन पाहून गेली.

"छिंग-शुईदादा," ती पिशवी उलटी करून तारीख वाचत म्हणाली, "नऊ महिने झाले की हो. तुम्हाला कोणी नऊ महिने शिळं वाढलं असतं तर तुम्ही त्याचं ऐकलं असतं का?"

पिशवी तिने जागेवर ठेवली. अक्षर कोणाचं ते तिलाही दिसत होतं. मग जराशी ओशाळून ती म्हणाली की गेल्या महिन्यात पेई-रूला फोन तिनेच केला होता. पेई-रू म्हणजे छिंग-शुईची मुलगी, शिन्चूला दातांच्या दवाखान्यात काम करते. झालं होतं असं की एका सकाळी आ-ग्वेई भाताचा डबा द्यायला आली आणि तिने पडद्यावर पोहायच्या कपड्यांतल्या पाच-सहा बाया पाहिल्या. खाली लिहिलं होतं की तुमच्या शेजारच्या एकट्या स्त्रिया तुमची वाट पाहत आहेत. आ-ग्वेई तेव्हा भिंतीला टेकून हसली होती. शेजारी तर मी आहे, मी नाही हो वाट पाहत, असं म्हणाली होती, आणि म्हातारपणी पालवी फुटली की काय, असंही. छिंग-शुईने नुसता डबा घेतला होता. बोलणार काय. हसून झाल्यावर मात्र तिला काळजी वाटली. बायको गेलेले पुरुष कसे फसतात ते ती रोज बातम्यांत ऐकत होती. म्हणून तिने पेई-रूच्या कानावर घातलं, आणि म्हणून गेल्या रविवारी पेई-रू आली, तासभर कॉम्प्युटरसमोर बसली आणि एक नवा अँटिव्हायरस बसवून गेली. जाताना ती त्याला म्हणाली होती, बाबा, आता निर्धास्त राहा, हा सगळं बघेल. त्याने सगळं बघितलं. दोन दिवस लागले त्याला.

छिंग-शुई शिक्के कोरायचा. बापाकडून आलेला धंदा. लग्नाच्या नोंदीला शिक्का, घराच्या कागदाला शिक्का, मूल महिन्याचं झालं की त्याच्या वाळलेल्या नाळेचा तुकडा आत ठेवून केलेला शिक्का. पुढे कोरायचं यंत्र आलं, यंत्राला कॉम्प्युटर लागला, आणि कॉम्प्युटरसमोर सू-छिन बसायला लागली, कारण छिंग-शुईला माउस हातात धरला की भिजलेला साबण धरल्यासारखं वाटायचं. ती गिऱ्हाइकाचं नाव लिहायची, अक्षरं जुळवायची, बटण दाबायची. तो नुसता दगड शिकंज्यात बसवायचा आणि शेवटी कडा घासायचा. दुपारी ती बाजारात गेली की तो कॉम्प्युटरवर मासेमारीच्या गोष्टी बघायचा. अशाच एका दुपारी, सहा वर्षांपूर्वी, पडदा अचानक लाल झाला आणि भोंगा वाजायला लागला. अग्निशमन दलाच्या गाडीसारखा भोंगा. पडद्यावर लिहिलं होतं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू शिरला आहे, बंद करू नका, बंद केलात तर सगळं जाईल, या क्रमांकावर फोन करा. छिंग-शुईने फोन केला. माणूस फार सभ्य होता. तायपेईची शुद्ध भाषा, मध्ये मध्ये काका म्हणायचा. घाबरू नका काका, मी आहे. त्याने सांगितलं ते छिंग-शुईने दाबलं, आणि मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. तो बाण अजून त्याच्या डोळ्यांसमोर येतो. आपल्या घरात, आपण बघत असताना, कोणीतरी न दिसता खण उघडून पाहत आहे. तो उठू शकला नाही. एवढ्यात सू-छिन आली. हातात कारल्यांची पिशवी होती. तिने पडदा पाहिला, त्याचा चेहरा पाहिला, फोन पाहिला, आणि काही न विचारता भिंतीपाशी जाऊन तार उपटली. भोंगा थांबला. कारली जमिनीवर पसरली होती. दोघांनी खाली बसून ती गोळा केली. "म्हाताऱ्या," ती म्हणाली, "खरा चोर घरात शिरताना भोंगा वाजवतो का?"

नुकसान काही झालं नव्हतं. पण त्यानंतर छिंग-शुई कॉम्प्युटरला हात लावेना. मासेसुद्धा बघेना. आठ-दहा दिवस तिने ते पाहिलं. मग तिने लोकविद्यालयात नाव घातलं, म्हाताऱ्यांसाठी संध्याकाळचा कॉम्प्युटरचा वर्ग होता तिथे. वर्गात बाकीचे नातवंडांच्या फोटोंना फुलांची चौकट लावायला शिकत होते. तिने मास्तरांना सांगितलं, मला पहारेकरी बनवायला शिकवा. तीन महिने लागले तिला. जेवताना ती कागदावर खुणा करायची, पुटपुटायची. त्याने विचारलं की म्हणायची, तुझ्यासाठी कुत्रा पाळते आहे. तिने बनवलेल्या त्या प्रोग्रामचं काम साधं होतं. कॉम्प्युटर सुरू झाला की तो आपला आपण जागा व्हायचा. ठगांची पानं कोणती, त्यांत कोणते शब्द असतात, याची यादी तिने त्याला दिली होती, आणि बातम्यांत नवी लबाडी आली की ती वाढवायची. छिंग-शुईने अशा पानावर काही लिहायला घेतलं की मधोमध एक पिवळी चौकट यायची आणि सू-छिन बोलायची. म्हणजे लिहिलेलंच, पण बोलायचीच ती. 'बक्षीस? तुला देवळाच्या सोडतीत कधी टॉवेल लागला नाही.' 'पोलिसांना तू हवा असशील तर ते दुकानात येतील. पत्ता त्यांना माहीत आहे, त्यांच्या साहेबाचा शिक्का तूच कोरलास.' 'चष्मा घाल आणि पुन्हा वाच.' खाली दोन बटणं. एकावर 'बरं', दुसऱ्यावर 'नाही ऐकत'. कोणतंही दाबलं तरी पान बंदच व्हायचं. दुसरं दाबलं तर आधी आणखी एक चौकट यायची, 'माहीत होतं.' पहिल्यांदा हे झालं तेव्हा तो मोठ्याने हसला होता आणि स्वयंपाकघरातून तिचंही हसणं ऐकू आलं होतं. ती दाराआड कान लावून उभी होती. त्यानंतर तो परत मासे बघायला लागला. तो सावध झाला असं नव्हतं. सावध राहायचं काम तिने घेतलं होतं, आणि तो तिच्या सावधपणाच्या आत बसून मासे बघत होता. छत्तीस वर्षांत बऱ्याच गोष्टी अशाच चालल्या होत्या.

स्वादुपिंडाचा आजार. कळल्यापासून अकरा आठवडे. त्या अकरा आठवड्यांत त्यांनी काही महत्त्वाचं बोलल्याचं त्याला आठवत नाही. तिने भात कुठल्या डब्यात, इस्त्रीवाला कुठल्या वारी, असलंच सांगितलं. तिचा शिक्का त्याने तिच्याबरोबर पेटीत ठेवला, कारण तिकडेही कागदपत्रं असतीलच. तो एक साधा लाकडी शिक्का होता, टोकाला चीर गेलेला, लग्नाआधी तिने कुठूनतरी घाईत करून घेतलेला. आयुष्यभर तिने तोच वापरला. मग एकोणपन्नास दिवसांचे विधी झाले, पाहुणे गेले, पेई-रू गेली. पन्नासाव्या की एक्कावन्नाव्या दिवशी त्याने दुकान उघडायच्या आधी, काही सुचत नव्हतं म्हणून, कॉम्प्युटर लावला. विजेच्या बिलाचं काहीतरी आलं होतं, त्यात त्याने बोट लावलं आणि नाव लिहायला घेतलं. पिवळी चौकट आली. 'मला विचार. मी स्वयंपाकघरात आहे.' छिंग-शुई खुर्चीतून उठला. खरोखर उठला, आणि दोन पावलं टाकून स्वयंपाकघराच्या दारावरच्या पडद्यापर्यंत गेला. पडदा बाजूला सारला. ओट्यावर ऊन होतं. पातेलं पालथं घातलेलं होतं. तो तिथे किती वेळ उभा राहिला ते त्याला सांगता येणार नाही. परत आला तेव्हा चौकट तशीच होती, उत्तराची वाट पाहत. त्याने 'बरं' दाबलं.

तेव्हापासून रोज. शटर वर करायच्या आधी, उदबत्ती लावून झाली की एक पान. एकच. दुसरं कधी उघडलं नाही, कारण दोनदा हाक मारली तर ती वैतागायची. पण पानं मरायची. आज असलेलं आठवड्याने नसायचं, मग त्याला नवी शोधावी लागायची, आणि अशी शोधता शोधता तो ठगांच्या पानांचा जाणकार होऊन बसला. वजन घटवणारी जडीबुटी, गुंतवणुकीचे गुरू, अडलेली पार्सलं, वाट पाहणाऱ्या बाया. ज्या गल्ल्यांतून तिने त्याला हात धरून बाहेर काढलं, त्याच गल्ल्यांत तो रोज सकाळी जाऊन उभा राहायचा, तिने हात धरावा म्हणून. भीती वाटायची. ती आली नाही तर, असं दर वेळी वाटायचं, आणि ती यायची. ओळी बहुतेक पाठ झाल्या होत्या, तीस-पस्तीस असतील. पण कधीमधी नवीच निघायची. गेल्या डिसेंबरात आली होती, 'थंडी पडली. मोजे घाल. आणि हे काय उघडलंस?' तिने महिन्याप्रमाणे काही ओळी ठेवल्या होत्या म्हणजे. त्या दिवशी तो मोजे घालून दिवसभर दुकानात बसला. अजून अशा किती असतील, कोणत्या दिवसासाठी असतील, हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणूनच तो सकाळी उठत होता.

त्याच दिवशी, मंगळवारी, दुपारी त्याने पेई-रूला फोन करून आईचा पहारेकरी नाहीसा झाल्याचं सांगितलं. तिने दवाखान्यातूनच तिच्या कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं. ती तिकडून इकडचं बघू शकायची. बाण फिरायला लागला तेव्हा छिंग-शुईने नजर दुसरीकडे वळवली.

"मारलेलं नाही, बाबा," ती म्हणाली. "कोंडून ठेवलंय. तीस दिवस ठेवतात. तोवर कोणी सोडवलं नाही तर पुसून टाकतात."

"गुन्हा काय त्याचा?"

तिने वाचून दाखवलं. आपला आपण सुरू होतो. तुम्ही काय लिहिता त्यावर नजर ठेवतो. उघडलेली पानं बंद करतो. बनवणारा अनोळखी. शिक्का नाही. तिने समजावलं की हल्ली प्रत्येक प्रोग्रामवर बनवणाऱ्याचा एक शिक्का असतो, डोळ्यांना न दिसणारा, आणि तो नसला की अँटिव्हायरस आधी धरतो, मग विचारतो. हा खोटा संशय आहे, असं होतं कधी कधी. छिंग-शुईला राग यायला हवा होता, पण आला नाही. शिक्का नाही तर कागद नाही, हे त्याने स्वतः या टेबलामागे बसून जन्मभर लोकांना सांगितलं होतं. पहारेकऱ्याने त्याचं काम केलं होतं.

"बाबा, इथे आणखी एक यादी आहे," पेई-रूचा आवाज बदलला. मागे दात साफ करायच्या यंत्राची घरघर चालू होती. रोज सकाळी साडेसातला तो काय उघडतो ते सगळं तिथे तारीखवार होतं. नवा पहारेकरी जुन्या नोंदीही वाचत होता. ती म्हणाली की आ-ग्वेईमावशींनी सांगितलं तेव्हा तिने अर्धं हसण्यावारी नेलं होतं. पण हे रोज आहे. कोणी त्याला धमकावतं आहे का? कोणी बाई आहे का? असली तरी हरकत नाही, तिने सांगितलं, फक्त खरं सांगा.

छिंग-शुईला खोटं सांगणं सोपं होतं. बाई आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो लाल शाईच्या डबीचं झाकण उघडमीट करत राहिला.

"ती पानं उघडली की तुझी आई ओरडते," तो म्हणाला.

पलीकडची घरघर थांबली. ती बहुधा खोलीबाहेर आली असावी. मग तिने विचारलं, "अजून?" आणि जराशाने, "माझ्याबद्दल काही म्हणते का त्यात?"

"एक आहे. पेई-रूच्या नावाने कोणी रडत पैसे मागितले तर आधी विचार, तिच्या मांजराचं नाव काय होतं."

"कोळसा," पेई-रू म्हणाली. छिंग-शुईने फोन कानाला तसाच धरून ठेवला. मुलगी खरी आहे, पटलं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. सू-छिन असती तर बोलली असती. त्याने ते म्हटलं नाही.

छिंग-मिंगच्या, पितरांच्या सणाच्या, सुट्टीला ती आली. दोघं टेकडीवरच्या अस्थिगृहात जाऊन सू-छिनचा कोनाडा पुसून, फुलं आणि पेरू ठेवून आले. आ-ग्वेईकडचा भात खाल्ला. मग पेई-रू कॉम्प्युटरसमोर बसली, बरोबर सू-छिनसारखी, एक पाय खुर्चीवर दुमडून. ती म्हणाली की दोन मिनिटांचं काम आहे. आणि हवं असेल तर तो प्रोग्राम उघडून आईच्या सगळ्या ओळी काढता येतील, एका कागदावर छापून देते, म्हणजे पुन्हा कधी जायला नकोत. ती मोठ्या मायेने बोलत होती. छिंग-शुई नको म्हणाला. ती का विचारेल याची त्याला भीती वाटली, कारण त्याला ते नीट सांगता आलं नसतं. कागद झाला की तो तिला वाचणार. आत्ता ती त्याला वाचत होती, तो काय करतो आहे ते बघून बोलत होती. कागदावर ती त्याला अडवणार नव्हती. आणि कागद संपतो. शेवटची ओळ कोणती ते एकदा पाहिलं की ती दुसऱ्यांदा पाहिली नाही असं करता येत नाही. पेई-रूने का ते विचारलं नाही. तिने फक्त बाण त्या कोंडलेल्या नावावर नेला आणि सांगितलं की आता मी याला अपवादांच्या यादीत टाकते, म्हणजे अँटिव्हायरस याच्याकडे बघणार नाही.

"अपवाद म्हणून नको," छिंग-शुई म्हणाला.

"मग कसं?"

"नावाने."

तिने हात मागे घेतला. नावानेही मार्ग होता, पण लांबचा. अँटिव्हायरस बनवणाऱ्यांना अर्ज करायचा की तुम्ही भलत्याला धरलंत. ते तपासतात, पटलं तर आपल्या मोठ्या यादीतून नाव काढतात, मग जगात कुठेही त्याला कोणी धरत नाही. बाबा, जगात कुठेही तो नाहीच आहे, फक्त इथे आहे, ती हसून म्हणाली. पण अर्ज तिने छापला. बनवणाऱ्याचं नाव, त्या जागी तिने लिहिलं, यू सू-छिन. प्रोग्राम काय करतो, तिथे छिंग-शुईने सांगितल्याप्रमाणे लिहिलं, घरच्या माणसाला अडवतो. खाली एक चौकोन होता, बनवणाऱ्याचा किंवा वारसाचा शिक्का. तुमचा चालेल, पेई-रू म्हणाली, आत्ता उमटवा, मी लगेच पाठवते. छिंग-शुईने आपला शिक्का हातात घेतला, शाईवर टेकवला आणि परत ठेवला. बनवलं तिने. तिचा लाकडी शिक्का तर तिच्याबरोबर गेलेला. त्याने टेबलाखालचा सर्वांत आतला खण उघडला. तिथे वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड होता, अंड्याच्या पिवळ्या रंगाचा, बोटभर लांब, हातात घेतला की उबदार वाटणारा. पेई-रू जन्मली त्या वर्षी त्याने तो सू-छिनसाठी घेतला होता. चांगला शिक्का करून देतो म्हणाला होता. मग गिऱ्हाइकं आली. नेहमीच कोणाचं तरी लग्न असायचं, कोणाचं तरी बाळ महिन्याचं व्हायचं, आणि सू-छिन दर नव्या वर्षाला झाडलोट करताना तो दगड काढून पुसून परत ठेवायची. 'शिक्केवाल्याची बायको लाकडी शिक्का,' ती गिऱ्हाइकांसमोरच म्हणायची, आणि तो म्हणायचा, "मालकीणबाईंचं काम घाईत करत नसतात." तेहतीस वर्षं त्याने घाई केली नाही.

पेई-रूने दगड पाहिला. यंत्रावर अर्ध्या तासात होईल, ती म्हणाली. त्याने मान हलवली. हाताने. चौदा तारखेपर्यंत मुदत आहे, एवढं तिने दोनदा सांगितलं, अर्ज टेबलावर वजनाखाली ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीने गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तो कॉम्प्युटरसमोर बसला. काही उघडायचं नव्हतं, पण एक पत्र आलेलं होतं. तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्यामुळे अडलं आहे. नाव, यू सू-छिन. छिंग-शुईने ते नाव पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. तिने काहीतरी मागवलं होतं. जायच्या आधी, इस्पितळातून, पडल्या पडल्या, त्याला न सांगता तिने काहीतरी मागवलं होतं, आणि ते कुठेतरी गोदामात वर्षभराहून जास्त पडून होतं. असं होऊ शकतं. लोकांची पार्सलं वर्षावर्षाने सापडतात. खाली एक बटण होतं, पत्ता कळवा. त्याने पत्ता लिहायला घेतला. गल्लीचं नाव लिहिलं. मग त्याने हात मांडीवर ठेवला आणि वाट पाहिली. एक श्वास, दोन, तीन. कोणी आलं नाही. त्याने मान वळवून स्वयंपाकघराच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा सरळ लोंबत होता. इतकी वर्षं त्याने हे ठरवण्याचं काम कधी केलंच नव्हतं. खरं असेल तर तिची शेवटची वस्तू तो आपल्या हाताने घालवत होता. खोटं असेल तर तिच्या नावानेच त्याच्या घरात कोणीतरी शिरत होतं. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा वाचलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नुसती अक्षरं होती, अर्थ नसलेली, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी. आणि ओळखपत्राचा क्रमांक मागितला होता. पार्सलाला कशाला लागतो ओळखपत्राचा क्रमांक. त्याने लिहिलेली गल्ली एकेक अक्षर मागे घेत पुसली आणि पान बंद केलं. त्याने बरोबर केलं होतं. ते त्याला कोणी सांगितलं नाही. 'माहीत होतं,' असंही कोणी म्हटलं नाही. बाहेर आ-ग्वेई डेग घासत होती. तो बराच वेळ तसाच बसून राहिला, हात मांडीवर, शिक्षा संपून वर्गात एकटाच राहिलेल्या पोरासारखा.

मग तो उठला. खणातून कोरी हिरवी पिशवी काढून त्याने जुनीच्या शेजारी ठेवली. जुनी हलवली नाही. दिव्याखाली दगड धरला, घासकागदावर पाणी टाकून त्याचं तोंड घासायला घेतलं, गोल गोल, मग आठाच्या आकड्यात, वडिलांनी शिकवलं तसं. घासता घासता त्याच्या लक्षात आलं की कोंडून ठेवलेली आहे तोवर ती आहे, आणि सुटली की पुन्हा रोज एक ओळ खर्च व्हायला लागेल. हा विचार त्याला आवडला नाही, पण तो गेला नाही. दगडाचं तोंड सपाट झालं. त्यावर त्याने लाल शाई फिरवली, ती वाळू दिली, आणि बारीक कुंचल्याने काळ्या रंगात तीन अक्षरं उलटी लिहिली, आरशात सुलटी दिसतील अशी. यू. सू. छिन. अक्षरं बरी आली. त्याने दगड शिकंज्यात बसवला आणि कोरणी हातात घेतली. अकरा वर्षांत त्याने हाताने एकही शिक्का कोरला नव्हता. त्याने कोरणीचं टोक पहिल्या रेघेच्या कडेला लावून पाहिलं, उचललं, आणि चष्मा पुसला. एप्रिलची आठ तारीख होती. अर्ज वजनाखाली होता, चौकोन रिकामा होता, आणि दगडावरचं नाव अजून कोरायचं राहिलं होतं.